बेने इस्राएल समाजाचे सण व मेळावे

महाराष्ट्राच्या कोकण किनाऱ्यावर शतकानुशतके वास्तव्य करून असलेल्या मराठी भाषिक ज्यू समाजाचे धार्मिक सण, उपवास, नवसफेडीचे विधी आणि त्यांनिमित्त भरणारे सामुदायिक मेळावे. या समाजाजवळ दीर्घकाळ धर्मग्रंथ नव्हते, प्रार्थनामंदिरे नव्हती व हिब्रू भाषेचे ज्ञानही जवळजवळ लोपले होते. तरीही त्याचे वेगळेपण टिकून राहिले, याचे मुख्य कारण घरोघर पाळले गेलेले सण व त्यांसाठी एकत्र येण्याचा परिपाठ हे होय. पुढे ज्यू जगताशी संबंध आल्यानंतर याच सणांच्या आधारे या समाजाच्या ज्यूपणाची वारंवार परीक्षा घेतली गेली. त्यामुळे बेने इस्राएलांच्या सणांचा इतिहास हा एका अर्थी त्यांच्या ओळखीचाही इतिहास आहे.

पार्श्वभूमी : ‘बेने इस्राएल’ या हिब्रू शब्दांचा अर्थ ‘इस्राएलाची लेकरे’ असा आहे. परंपरागत समजुतीनुसार या समाजाचे पूर्वज ज्या जहाजातून येत होते, ते अलिबागच्या उत्तरेस नवगावनजीक फुटले व त्यांतून सात पुरुष आणि सात स्त्रिया बचावल्या. जे बुडाले त्यांना नवगावच्या किनाऱ्याजवळ मूठमाती देण्यात आली, असे मानतात. तेथील दफनभूमी समाजाला आजही पवित्र वाटते व तिच्या ठिकाणी स्मारकस्तंभ उभारलेला आहे. जहाजाबरोबर धर्मग्रंथही बुडाले, असे ही परंपरा सांगते. वाचलेल्या कुटुंबांनी हळूहळू मराठी भाषा, स्थानिक पोशाख व कोकणी आहार आत्मसात केला. आताच्या रायगड (पूर्वीच्या कुलाबा) जिल्ह्यातील खेड्यांत ती विखुरली आणि त्या त्या गावावरून केहिमकर (किहीम), दिवेकर (दिवे आगर), पेणकर, रोहेकर, अष्टमकर, चेऊलकर, नवगावकर यांसारखी आडनावे रूढ झाली. तेलाचे घाणे चालविणे हा त्यांचा प्रमुख व्यवसाय असे. शनिवारी घाणा बंद ठेवीत असल्यामुळे शेजारी त्यांना ‘शनिवार तेली’ म्हणत.

लिखित साधनांत हा समाज अठराव्या शतकात दिसू लागतो. जे. ए. सार्टोरियस या डॅनिश मिशनशी संबंधित धर्मोपदेशकाच्या १७३८ मधील पत्रात त्यांचा उल्लेख आढळतो. कोचीनचे ज्यू व्यापारी यहेझ्केल राहाबी यांनी १७६८ मध्ये ॲम्स्टरडॅमला पाठविलेल्या पत्रातही कोकणातील ज्यूंची माहिती आहे. ईश्वराच्या एकत्वाचा उद्घोष करणारी ‘शेमा’ ही प्रार्थना व शनिवारची विश्रांती यांपलीकडे या लोकांना धर्माचे फारसे ज्ञान नाही, असा या उल्लेखांचा आशय आहे. बाहेरून पाहणाऱ्यास हे ज्ञान तुटपुंजे वाटले असले, तरी शेमा, शब्बाथ, आठव्या दिवशी होणारी सुंता, खवले व पर असलेलेच मासे खाण्याचा नियम आणि वर्षाचे सण एवढ्या सामग्रीवर हा समाज टिकून राहिला होता. समाजाच्या आठवणीतील धर्मशिक्षक डेव्हिड राहाबी याने याच आहारनियमावरून या लोकांचे ज्यूपण ओळखले आणि झिराडकर, राजपूरकर व शापूरकर या तीन घराण्यांतील व्यक्तींना धर्मविधींचे शिक्षण दिले, अशी आख्यायिका आहे. या घराण्यांतील पुरुष ‘काजी’ म्हणून गावोगाव फिरत, विधी चालवीत व तंटे मिटवीत.

सणांची मराठी नावे : बेने इस्राएल समाजाचे इतिहासकार हाईम सॅम्युएल केहिमकर यांनी १८९७ मध्ये लिहून पूर्ण केलेला समाजाचा इतिहास १९३७ मध्ये तेल अवीव येथे प्रसिद्ध झाला. त्यात त्यांनी जुन्या सणांची जी नावे नोंदविली आहेत, ती हिब्रू नसून मराठी आहेत. ज्यू वर्षारंभाच्या सणास (रोश हशाना, तिश्री महिन्याचा पहिला दिवस) ‘नव्याचा सण’ म्हणत. हा सण भाद्रपद-आश्विनाच्या सुमारास, कोकणात भात तयार होण्याच्या हंगामात येतो. त्यामुळे नव्या धान्याच्या ‘नव्या’शी त्याची सांगड सहज बसली. त्यानंतर थोड्याच दिवसांनी ‘खिरीचा सण’ येई. त्या दिवशी नव्या धान्याची नारळाच्या रसातील खीर करून, धूप जाळून व शेमा म्हणून ती खात असत.

तिश्रीच्या दहाव्या दिवसाच्या प्रायश्चित्तदिनास (योम किप्पूर) ‘दारफाळणीचा सण’ म्हणजे दारे लावून घेण्याचा सण असे नाव होते. आदल्या दिवशी स्नान करून, पांढरी वस्त्रे परिधान करून, संपूर्ण उपवास धरून लोक घरात बसत व बाहेरच्यांशी संपर्क टाळीत. या काळात पूर्वजांचे आत्मे घरी येतात, अशी श्रद्धा होती. दुसऱ्या दिवशी ‘शिळा सण’ होई. त्या दिवशी दानधर्म करीत व आप्तेष्टांच्या भेटी घेत. या भेटींत एकमेकांच्या हातांस स्पर्श करून नंतर स्वतःच्या बोटांचे चुंबन घेण्याची ‘हातबोशी’ची रीत आहे. प्रार्थना संपल्यानंतर सिनॅगॉगमध्येही ती पाळली जाते.

फाल्गुन पौर्णिमेच्या सुमारास येणाऱ्या पुरीम या सणास ‘होळीचा सण’ म्हणत. पुरीम हा अदार महिन्याच्या चौदाव्या दिवशी, म्हणजे होळीच्या चांद्र तिथीच्या आसपासच, साजरा होतो व त्या दिवशी पुरणपोळी करण्याची प्रथा बेने इस्राएलांतही आहे. ईजिप्तमधील दास्यातून झालेल्या मुक्ततेची स्मृती असलेल्या पेसाह या सणाचे नाव ‘अनशी ढाकाचा सण’ असे होते. ‘अनस’ म्हणजे आंबट रसाचे मडके. पेसाहच्या काळात आंबविलेले पदार्थ वर्ज्य असल्यामुळे ते मडके झाकून ठेवीत. कोकणातील रोजची तांदळाची भाकरी मुळातच बिनआंबवणाची असल्याने या समाजाच्या दृष्टीने सणाची खूण भाकरीपेक्षा मडक्याशी निगडित झाली. या सणापूर्वी घरास चुना लावण्याची व तांब्यापितळेच्या भांड्यांना कल्हई करण्याचीही चाल होती. जेरूसलेमच्या मंदिराचा विध्वंस ज्या दिवशी झाला, त्या आब महिन्याच्या नवव्या दिवसाच्या उपवासास ‘बिरड्याचा रोजा’ म्हणत. मोड आणून सोललेल्या वालांचे बिरडे हा रायगड जिल्ह्यातील सर्वपरिचित पदार्थ असून या शोकाच्या दिवसांत मांसाहार सोडून त्याचा वापर करीत.

या नावांत भाषेचे दोन थर स्पष्टपणे दिसतात. ‘सण’ हा शब्द लागलेली नावे निखळ मराठी वळणाची असून ती खाण्यापिण्याच्या व घरातील वस्तूंच्या संदर्भाने बनली आहेत. ‘रोजा’, ‘रमजान’ (एलूल महिन्यातील उपवास) व ‘उरूस’ हे शब्द फार्सी-अरबी असून मुसलमान शेजाऱ्यांच्या व राजवटींच्या संपर्कातून ते आले. सणाचा मूळ ग्रंथोक्त अर्थ विसरला गेला, तरी त्याची तिथी व त्या दिवशीची कृती विसरली गेली नाही. कृती ज्या शब्दांनी सांगता आली, तेच शब्द सणाचे नाव बनले.

मकाबींच्या विजयाची स्मृती जपणाऱ्या हनुक्का या सणास मात्र असे मराठी नाव नाही. केहिमकरांनी यावरून असे अनुमान काढले, की समाजाचे पूर्वज हा सण प्रचारात येण्यापूर्वी, म्हणजे इ. स. पू. दुसऱ्या शतकाच्या पूर्वार्धातच, स्वदेश सोडून निघाले असावेत. मंडपांचा सण (सुक्कोथ) व शाबुओथ हेही हिब्रू नावांनीच ओळखले जातात. ग्रंथांच्या अभावी एखादा सण विस्मृतीत जाणेही शक्य असल्याने अभ्यासकांनी हा युक्तिवाद निर्णायक मानलेला नाही. तथापि आपल्या सणांकडे ऐतिहासिक पुरावा म्हणून पाहण्याचा हा समाजातील व्यक्तीनेच केलेला पहिला पद्धतशीर प्रयत्न होय.

एलियाहू हन्नबी व मलिदा : बेने इस्राएलांच्या सामुदायिक जीवनाचा केंद्रबिंदू म्हणजे एलियाहू हन्नबी (प्रेषित एलिया) याच्यावरील श्रद्धा. बायबलच्या जुन्या करारानुसार हा प्रेषित अग्निरथातून सदेह स्वर्गास गेला व तो पुन्हा येईल, असे ज्यू मानतात. सुंतेच्या प्रसंगी त्याच्यासाठी आसन राखण्याची चाल ज्यूंत सर्वत्र आहे. परंतु संकटात हाकेला धावणारा व नवसास पावणारा म्हणून त्याची जी भक्ती बेने इस्राएलांत आढळते, ती अन्यत्र या स्वरूपात आढळत नाही. अलिबाग तालुक्यातील खंडाळे येथील खडकावर त्याच्या रथाच्या चाकांच्या व घोड्यांच्या टापांच्या खुणा उमटल्या आहेत, अशी श्रद्धा असून हे स्थळ समाजाचे तीर्थक्षेत्र बनले आहे.

या प्रेषिताच्या स्मरणार्थ होणारा विधी म्हणजे मलिदा. भिजविलेल्या पोह्यांत गूळ वा साखर, ओले खोबरे, वेलदोडे व सुका मेवा घालून तो एका मोठ्या ताटात मांडतात व त्याभोवती निरनिराळी फळे रचतात. गुलाबाच्या पाकळ्या वा अन्य सुगंधी वस्तूही ठेवतात. जमलेली मंडळी प्रथम हिब्रू प्रार्थना व एलियाहूचे स्तोत्र म्हणतात. त्यानंतर झाडाच्या फळांसाठी, जमिनीतून उगवणाऱ्या पिकांसाठी व सुगंधी द्रव्यांसाठी स्वतंत्र आशीर्वचने उच्चारून प्रसादासारखे वाटप केले जाते. विवाहापूर्वी, नव्या घरात प्रवेश करताना, अपत्यजन्मानंतर, आजारातून वा संकटातून सुटका झाल्यावर, प्रवासास निघताना वा परतल्यावर मलिदा करण्याचा प्रघात आहे. शबात महिन्याच्या पंधराव्या दिवशी (तू बिश्वात) होणाऱ्या समारंभास पूर्वी ‘एलियाहू हन्नबीचा उरूस’ म्हणत. ज्यू परंपरेत हा वृक्षांचा वर्षारंभ होय. पौष वा माघ पौर्णिमेच्या आसपास येणाऱ्या या दिवशी खंडाळे येथे मोठा मेळावा भरतो.

‘मलिदा’ हा शब्द कोकणातील मुसलमानांच्या दर्ग्यांतही प्रसादाच्या गोड पदार्थासाठी प्रचलित आहे. पोहे, नारळ, गूळ व फळे यांची मांडणी हिंदूंच्या नैवेद्याची आठवण करून देते. प्रार्थना व आशीर्वचने सर्वस्वी ज्यू आहेत. या मिश्र स्वरूपामुळे एकोणिसाव्या शतकात बाहेरून आलेल्या काही धर्मशिक्षकांना हा विधी शंकास्पद वाटला. समाजाने मात्र तो सोडला नाही. त्याचे कारण विधीच्या रचनेत सापडते. मलिद्यासाठी सिनॅगॉग लागत नाही, तोराची गुंडाळी लागत नाही वा विद्वान आचार्यही लागत नाही. घर, ताट, शेजारपाजारचे स्वकीय व काही पाठ प्रार्थना एवढ्यावर तो होऊ शकतो. विखुरलेल्या खेड्यांत दोन-चार कुटुंबांच्या वस्तीला एकत्र आणणारे साधन म्हणून त्याचे मोल मोठे होते.

सिनॅगॉगचा उदय : अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात ईस्ट इंडिया कंपनीच्या सैन्यातील व गोद्यांतील नोकऱ्यांमुळे बेने इस्राएल मोठ्या संख्येने मुंबईस आले. सैन्यात हुद्द्यावर असलेले सॅम्युएल एझिकेल (सामाजी हसाजी) दिवेकर यांनी १७९६ मध्ये मुंबईत ‘शाअर हाराहामीम’ हे समाजाचे पहिले सिनॅगॉग बांधले. टिपू सुलतानाच्या कैदेतून सुटल्यास प्रार्थनामंदिर बांधीन असा नवस दिवेकरांनी केला होता, असे परंपरा सांगते. समाजाच्या बोलीत सिनॅगॉगला ‘मशीद’ म्हणत. शाअर हाराहामीम ही ‘जुनी मशीद’ व १८४० मध्ये स्थापन झालेले ‘शाअरे रासोन’ ही ‘नवी मशीद’ झाली. मशीद बंदर हे नाव याच जुन्या मशिदीवरून पडले, असे सांगितले जाते. पुण्यात मात्र डेव्हिड ससून यांनी बांधविलेले ओहेल डेव्हिड हे बगदादी ज्यूंचे सिनॅगॉग लोकभाषेत ‘लाल देऊळ’ झाले.

त्यानंतरच्या काळात रेवदंडा (१८४२), अलिबाग (१८४८), पनवेल (१८४९), पेण (१८६३) व ठाणे (१८७९) येथे सिनॅगॉगे उभी राहिली. नोकरीनिमित्त समाज जेथे जेथे गेला, तेथेही ती झाली. कराची येथील मागेन शालोम (१८९३) व अहमदाबाद येथील मागेन अब्राहाम (१९३४) ही त्याची उदाहरणे होत. सिनॅगॉगमुळे सणांचे स्थान काही अंशी घरातून सार्वजनिक वास्तूत गेले. प्रार्थनासमूहासाठी किमान दहा प्रौढ पुरुष (मिन्यान) असावेत, या नियमामुळे मेळाव्यास एक निश्चित गणसंख्याही प्राप्त झाली.

धर्मशिक्षण व नवे सण : १८२६ पासून कोचीनचे ज्यू शिक्षक कोकणात येऊ लागले. त्यांच्यापैकी शेलोमो सालेम शुर्राबी यांचे नाव समाजात आदराने घेतले जाते. त्यांनी सामुदायिक प्रार्थनेची पद्धत, तिच्या चाली व विस्मृत सण यांचा प्रसार केला. याच काळात ख्रिस्ती मिशनऱ्यांच्या शाळा निघाल्या. स्कॉटिश मिशनरी जॉन विल्सन यांनी १८३२ मध्ये मराठी भाषिकांसाठी हिब्रू व्याकरण प्रसिद्ध केले. जुन्या कराराच्या मराठी भाषांतरामुळे बेने इस्राएलांना आपल्या सणांमागील कथा स्वभाषेत वाचता आल्या. धर्मांतर हा मिशनऱ्यांचा हेतू होता. प्रत्यक्षात धर्मांतरे अत्यल्प झाली व या शिक्षणाचा उपयोग समाजाने स्वधर्म जाणून घेण्यासाठी करून घेतला.

हनुक्का, सुक्कोथ, शाबुओथ यांचे पालन यानंतर नियमितपणे होऊ लागले. जुन्या सणांनाही हिब्रू नावे व ग्रंथोक्त विधी प्राप्त झाले. दारफाळणीचा सण आता सिनॅगॉगमध्ये दिवसभर चालणाऱ्या प्रार्थनांनी पाळला जाऊ लागला. सुक्कोथच्या अखेरीस येणारा सिम्हाथ तोरा हा दिवस मुंबईत विशेष उत्साहाचा ठरला. त्या दिवशी तोराच्या गुंडाळ्या हाती घेऊन गात व नाचत प्रदक्षिणा घालतात. सजविलेल्या निरनिराळ्या सिनॅगॉगांना त्या रात्री भेट देण्याची मुंबईच्या बेने इस्राएलांची पद्धत आहे. तरीही घरगुती आचार नष्ट झाले नाहीत. वर्षारंभास गव्हाच्या चिकाचा व नारळाच्या दुधाचा हलवा, शब्बाथच्या पूर्वसंध्येस द्राक्षमद्याऐवजी काळ्या मनुकांचे सरबत व मांसाबरोबर दुधाऐवजी नारळाच्या रसाचा वापर हे प्रकार चालू राहिले. यांपैकी शेवटचा प्रकार मांस व दूध एकत्र न करण्याच्या ज्यू आहारनियमाशी पूर्णतः सुसंगत आहे. कोकणच्या स्वयंपाकघराने तो नियम पाळणे सुलभ केले.

पेसाहच्या पहिल्या रात्री वाचावयाच्या हग्गादा या ग्रंथाची मराठी भाषांतरासह आवृत्ती १८४६ मध्ये मुंबईत व पुढे १८७४ मध्ये पुण्यात छापली गेली. जोसेफ एझिकेल राजपूरकर (१८३४–१९०५) यांनी हिब्रू प्रार्थनाग्रंथांची मराठी भाषांतरे केली. केहिमकर व त्यांचे सहकारी यांनी १८७५ मध्ये मुंबईत समाजासाठी शाळा सुरू केली. तीच पुढे सर एली कदूरी विद्यालय या नावाने प्रसिद्धीस आली. १८७७ मध्ये निघालेले सत्यप्रकाश व त्यानंतरची नियतकालिके यांतून धार्मिक व सामाजिक विषयांची चर्चा होऊ लागली.

कीर्तने : १८८० च्या सुमारास बेने इस्राएल तरुणांनी महाराष्ट्रातील कीर्तनपद्धती स्वीकारली. पूर्वरंग व आख्यान, साकी, दिंडी, ओवी, आर्या, अभंग ही वृत्ते आणि टाळ-पेटीची साथ हा सारा साज कायम ठेवून त्यांनी अब्राहाम, योसेफ, मोशे, एस्तेर यांच्या कथा मराठीत रचल्या. सणांच्या दिवसांत ही कीर्तने रात्री होत व त्यांचे ग्रंथही छापले गेले. हिब्रू न जाणणाऱ्या स्त्रिया, मुले व वृद्ध यांना सणामागील कथा याच माध्यमातून प्रथम कळली. सिनॅगॉगमधील प्रार्थनेत श्रोत्याची भूमिका असलेल्या स्त्रियांनी पुढे स्वतः कीर्तनगायनाची परंपरा चालविली. विवाहप्रसंगीच्या मराठी गाण्यांतही त्यांचा वाटा मोठा आहे.

विवाहमेळावे : हळद, मेंदी, मलिदा, घोड्यावरून निघणारी वराची मिरवणूक व फुलांचा सेहरा हे लग्नातील विधी शेजारी समाजांशी साधर्म्य दर्शवितात. मुख्य विधी मात्र हिब्रू विवाहपत्र (केतुबा), अंगठी व आशीर्वचने यांनी पार पडतो. वधू येत असताना वराने हिब्रू स्तोत्र गाण्याची पद्धत हे या समाजाचे वैशिष्ट्य होय. पूर्वी गावोगावचे आप्त या निमित्ताने अनेक दिवस एकत्र राहत.

जमातीची व्यवस्था व अंतर्गत भेद : गावच्या जमातीचा प्रमुख मुकादम असे व चौगुला त्याचा साहाय्यक असे. सिनॅगॉगे झाल्यावर खजिनदार म्हणून गबई, प्रार्थना चालविणारा हझान व सेवक म्हणून शमाश ही पदे निर्माण झाली. सणांच्या मेळाव्यातच वर्गणी, दंड, सोयरीक व भांडणे यांचे निर्णय होत. या दृष्टीने सण ही जमातीची न्यायसभाही होती.

या एकोप्यास मर्यादाही होत्या. समाजात ‘गोरे’ व ‘काळे’ इस्राएल असा भेद होता. आईवडील दोघेही बेने इस्राएल असलेल्या घराण्यांतील ते गोरे, व आई अन्य समाजातील असलेल्यांचे वंशज ते काळे, असे मानीत. त्यांच्यात बेटीव्यवहार होत नसे आणि प्रार्थनेच्या व भोजनाच्या प्रसंगीही अंतर राखले जाई. विसाव्या शतकात हा भेद क्षीण झाला. दुसरीकडे, स्वतः बेने इस्राएलांना असाच अनुभव बगदादी ज्यूंकडून आला. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून काही बगदादी सिनॅगॉगांत त्यांना मिन्यानमध्ये गणण्यास वा तोरावाचनासाठी पाचारण करण्यास हरकत घेतली जाई. शेजाऱ्यांच्या जातिव्यवस्थेची छाया ज्यूंच्या मेळाव्यांवरही कशी पडली होती, हे या दोन्ही उदाहरणांवरून दिसते.

विसाव्या शतकाच्या आरंभी धार्मिक मेळाव्यांना नागरी स्वरूपाच्या संस्थांची जोड मिळाली. १९१३ मध्ये मुंबईत स्त्री मंडळ स्थापन झाले. १९१७ मध्ये बेने इस्राएल परिषद व १९१८ मध्ये अखिल भारतीय इस्राएलाइट लीग या संस्था निघाल्या. त्यांच्या अधिवेशनांत शिक्षण, विवाहखर्च, स्त्रियांची स्थिती व देशातील राजकारणाविषयीचे धोरण यांचा विचार होई.

स्थलांतर व ज्यूपणाचा वाद : १९४० च्या दशकाच्या अखेरीस बेने इस्राएलांची लोकसंख्या सु. २०,००० होती. १९४८ मध्ये इस्राएलची स्थापना झाल्यानंतर समाजाचे मोठ्या प्रमाणावर स्थलांतर सुरू झाले. भारतात छळ हे त्याचे कारण नव्हते. धार्मिक ओढ, नातलगांचे आधीचे स्थलांतर व ब्रिटिश राजवटीतील नोकऱ्यांच्या संधी संपुष्टात येणे ही त्याची कारणे होत. इस्राएलमध्ये मात्र १९६० च्या दशकाच्या प्रारंभी तेथील धर्मपीठाने बेने इस्राएलांशी विवाह लावताना त्यांच्या वंशाची चौकशी करावी, असे निर्देश दिले. अनेक शतके ग्रंथोक्त विवाह व घटस्फोटविधींपासून दूर राहिलेल्या समाजात धर्मनियमांचा भंग झाला असण्याची शक्यता, हे त्यासाठी दिलेले कारण होते. ज्या समाजाने परदेशात शनिवार पाळला म्हणून ‘शनिवार तेली’ हे नाव मिळविले, त्याला स्वधर्मीयांच्या देशात आपले ज्यूपण सिद्ध करावे लागावे, याने तीव्र असंतोष निर्माण झाला. निदर्शने झाली व ऑगस्ट १९६४ मध्ये इस्राएलच्या संसदेने बेने इस्राएल हे सर्व बाबतींत पूर्ण ज्यू असल्याचा ठराव केला. त्यानंतर धर्मपीठाने त्या समाजाचा नामनिर्देश वगळून आपल्या निर्देशांत बदल केला. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका जनुकीय अभ्यासातही या समाजात ज्यू व भारतीय अशा दोन्ही वंशधारा असल्याचे दिसून आले.

या वादाचा सणांवर एक अनपेक्षित परिणाम झाला. लोद, रामले, दिमोना, बीरशेबा, अश्दोद येथील वसाहतींत मलिदा हे बेने इस्राएलांच्या ओळखीचे प्रमुख चिन्ह बनले. ज्या विधीला एके काळी परकीय छटा असल्याचे मानले गेले, तोच आता भारतातून आलेल्या ज्यूंचा खास वारसा म्हणून साजरा होतो. तेथील मायबोली हे मराठी नियतकालिकही याच जाणिवेतून निघाले.

सद्यःस्थिती : भारतातील ज्यूंची एकूण संख्या २००१ च्या जनगणनेनुसार सु. ४,६५० होती. त्यांत बेने इस्राएल बहुसंख्य असून त्यांची वस्ती मुख्यतः मुंबई व ठाणे परिसरात आहे. महाराष्ट्र शासनाने २०१६ मध्ये ज्यूंना अल्पसंख्याक दर्जा दिला. रायगड जिल्ह्यातील गावांत आता मोजकीच कुटुंबे उरली आहेत. तेथील काही सिनॅगॉगांत दहा पुरुषांचे मिन्यान एरवी जमत नाही. सणाच्या दिवशी मुंबई-ठाण्याहून येणाऱ्या आप्तांमुळेच ते पूर्ण होते. इस्राएलमध्ये स्थायिक झालेली कुटुंबेही नवगावची दफनभूमी, खंडाळ्याचा खडक व आडनावाचे गाव पाहण्यास येतात व तेथे मलिदा करतात.

पूर्वी खेड्यांतून घरोघर पाळल्या जाणाऱ्या सणांनी हा समाज सिनॅगॉगांवाचून शतकानुशतके टिकविला. आज कोकणात सिनॅगॉगे आहेत, परंतु त्यांत जमणारी माणसे थोडी आहेत. या समाजाच्या परंपरेचे भवितव्य यापुढेही, ती माणसे सणासाठी एकत्र येत राहतात की नाही, यावरच मुख्यतः अवलंबून आहे.